स्केटबोर्ड चालवता येत नसेल तर स्केट संस्कृतीवर चित्रं काढावीत का? सुरुवात कुठून करू?

काढा की, बिनधास्त काढा. मलाही बोर्डवर उभं राहून सरळ जाण्यापलीकडे काही येत नाही, तरी माझ्या स्केचबुकांची निम्मी पानं स्केटिंग करणाऱ्या पोरांनी भरलीत. चालवता येत नाही म्हणून काही अडत नाही. पण नीट न बघता काढलंत तर पहिल्या फटक्यात पकडले जाल.

हे एवढ्या ठसक्यात सांगण्याला कारण आहे. 2021 साली टोकियोत स्केटबोर्डिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, 13 वर्षांच्या मोमिजी निशियानं महिलांच्या स्ट्रीट प्रकाराचं (रस्त्यावरच्या पायऱ्या, कठडे, रेलिंगसारख्या अडथळ्यांवरचं स्केटिंग) सुवर्ण नेलं आणि आपल्याकडच्या जाहिरातवाल्यांना स्केटबोर्डचा साक्षात्कार झाला. त्या लाटेत बुटांच्या जाहिरातीचं एक चित्र माझ्याकडे आलं: ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डासकट हवेत उडी, मारणारा मुलगा. मी मन लावून काढलं. गुडघे छातीशी आलेले, खांदे बोर्डाच्या रेषेत, नजर खाली. आणि डाव्या बुटाला करंगळीच्या बाजूनं भोक.

आर्ट डायरेक्टर म्हणाला, "बूट फाटका का? आपण विकतोय ना तो?"

मी समजावलं. ऑलीत मागचा पाय टेलवर, म्हणजे बोर्डाच्या मागच्या टोकावर, आपटतो आणि पुढच्या पायाची बाहेरची कड ग्रिप टेपवरून घासत वर जाते, तेव्हा कुठे बोर्ड हवेत आडवा होतो. बोर्डाच्या वरच्या बाजूला चिकटवलेली ही ग्रिप टेप म्हणजे पॉलिश पेपरच. रोज घासलं की कॅनव्हास असो नाहीतर स्वेड, करंगळीपाशी आधी शिवण उसवते, मग भोक पडतं. डावा बूट फाटलेला दिसला की कळतं, पोरगा रेग्युलर, म्हणजे डावा पाय पुढे ठेवून, उभा राहतो. उजवा असेल तर गूफी, म्हणजे उजवा पाय पुढे. ज्याचे दोन्ही बूट कोरे, तो दुकानातून थेट फोटो काढायला आलाय.

"इथे कोणाला कळतंय?" असं म्हणून त्यांनी बूट कोरा करून घेतला. वर म्हणाले, पाय सरळ करा, हात पसरा, चेहरा कॅमेऱ्याकडे वळवा. चित्र छापून आलं आणि ज्यांना बघत मी शिकलो त्यातल्याच एका पोरानं विचारलं, "दादा, बोर्ड फेव्हिकॉलनं चिकटवलाय का?" कोणाला कळतं ते असं कळतं!

बरं, तुमचा प्रश्न. या जगात चित्रकार बाहेरून पाहुणा म्हणून आलेला नाही. जिम फिलिप्सचा तो किंचाळणारा निळा हात, तळव्यात तोंड असलेला, 1985 मध्ये सांताक्रूझ या स्केटबोर्ड कंपनीसाठी काढलेला. तो आजही स्टिकरवर दिसतो. स्केटर नील ब्लेंडर स्वतःच्या बोर्डाची चित्रं स्वतः काढायचा. एड टेम्पलटन व्यावसायिक स्केटर, त्यानं 1993 मध्ये टॉय मशीन ही स्केटबोर्ड कंपनी काढली आणि तिची चित्रंही तोच काढत आला. यांच्या रेषेत जी बेफिकिरी दिसते तिच्यामागे हात बसलेला आहे. नुसती वाकडी रेघ मारून ती येत नाही, हे कॉलेजातल्या 'कवट्या काय कोणीही काढेल' म्हणणाऱ्यांनाही सांगतो.

डेकवर, म्हणजे बोर्डाच्या लाकडी फळीच्या खालच्या बाजूला, काढून बघा, कागदापेक्षा जास्त शिकाल. साधारण 8 इंच रुंद, 32 इंच लांब अशी उभी पट्टी, त्यात दोन जागी ट्रक, म्हणजे चाकं धरणारे धातूचे भाग, बसणार. चित्रातला चेहरा ट्रकखाली गेला की संपलं. मध्यभागी ठेवलात तर रेलिंगवर बोर्डस्लाइड मारताना, म्हणजे बोर्डाचा मधला भाग टेकवून घसरत जाताना, आधी तोच सोलला जाणार. माझं एक चित्र एका मुलानं असं घासून घासून नाकापर्यंत आणलं होतं, खालचं लाकूड दिसत होतं. मला ते मूळ चित्रापेक्षा आवडलं. फ्रेम करून भिंतीवर लावणाऱ्यांचं मला कळत नाही.

सुरुवात म्हणाल तर पोरं जिथे खेळतात तिथे जाऊन बसा. फोटोवरून काढू नका. फोटोत नेमका हवेतला क्षण असतो, आणि पडणं, बोर्ड शोधत पळणं, बोर्ड घसरावा म्हणून कठड्यावर मेण घासणं हे सगळं सुटतं. परवानगी विचारा, लहान मुलं असतील तर आईबापांनाही.

हे सगळं स्ट्रीट स्केटिंगबद्दल आहे. लाँगबोर्डवाले, म्हणजे लांब बोर्ड चालवणारे, ऑली फारशी मारत नाहीत, त्यांचे बूट वेगळे झिजतात. आणि तो निळा हात टी-शर्टवर छापून विकायला जाऊ नका, त्याला मालक आहे. जाहिरातीचं काम मिळालंच तर किती वेळा बदल करून देणार ते आधी लिहून घ्या, आणि बूट बदलायला सांगितला तर चित्राखालचं आपलं नाव काढायला सांगा. मी आता तेच करतो.