वाचकांचे प्रश्न : नारळी पौर्णिमा ते अनंत चतुर्दशी

श्रावण लागला की किनाऱ्यावरच्या गावांतून येणारी पत्रं एकाच वळणाची असतात: किती शिजवायचं, कुणाला द्यायचं, पाण्यात कधी उतरायचं. या महिन्यातली निवडक पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : नारळी पौर्णिमेला बंदरावर मिरवणूक आली की आमची वाडी दोनशे माणसांना नारळीभात वाढते. गेल्या वर्षी दाणा टणक राहिला आणि तळ करपला. नेमकं प्रमाण आणि कृती द्याल का? (मालवण)

जेवणासोबतचं गोड म्हणून वाढणार असाल तर माणशी ५० ग्रॅम तांदूळ धरा. दोनशे माणसांना १० किलो होतात. त्याला ९ किलो साधा गूळ, मध्यम आकाराचे ३० नारळ, दीड किलो तूप, २५ ग्रॅम लवंग, ५० ग्रॅम वेलची, अर्धा किलो काजू-बेदाणे आणि दोन मोठे चमचे मीठ. नारळ मात्र ३६ आणा. पावसाळ्यात दहातले एक-दोन खवट किंवा कुजके निघतात.

तांदूळ वर्षभर जुना कोलम घ्या. नवा तांदूळ चिकटतो. धुऊन पाऊण तास निथळत ठेवा, निम्म्या तुपात लवंगा तडतडवून त्यावर दाणा पांढरा आणि कोरडा दिसेपर्यंत परता. तांदूळ ज्या डब्याने मोजला त्याच डब्याने दुप्पट आधणाचं पाणी घाला, मीठ घाला.

आता टणक दाण्याबद्दल. गूळ घातल्यावर भात पुढे शिजत नाही. गूळ पाणी ओढून घेतो आणि दाण्याच्या पोटात राहिलेला कच्चा कण तसाच राहतो. यालाच आपण भात विठरला म्हणतो. नंतर कितीही वाफ दिली तरी तो सुधारत नाही. म्हणून गूळ घालण्याआधी चार-पाच ठिकाणचे दाणे बोटांत चिरडून बघा. मध्ये कण लागला तर गरम पाण्याचा शिपका मारा, झाकण ठेवा, दहा मिनिटांनी पुन्हा बघा. दाणा पूर्ण शिजलेला आणि तरी मोकळा, एवढं जमलं की बाकीचं सोपं आहे.

शिजलेला भात परातींत पसरून कोमट होऊ द्या. दुसऱ्या टोपात चिरलेला गूळ आणि खोवलेलं खोबरं एकत्र मंद आचेवर ठेवा. गूळ विरघळून कडेने बुडबुडे आले की थांबा. पाकाची तार येईपर्यंत थांबलात तर भात गार झाल्यावर गोळे होतात. चिकीचा गूळ वापरला तरी तेच होतं. मग भात त्यात उलथन्याने खालून वर असा मिसळा, उरलेलं तूप कडेने सोडा आणि टोपाखाली जाड तवा ठेवून पंधरा-वीस मिनिटं वाफ आणा. वेलची शेवटी.

तळ करपतो तो आच मोठी असल्यामुळे आणि टोप एकच असल्यामुळे. दहा किलोचा भात एका टोपात घातला की खालचा थर स्वतःच्याच वजनाने दाबला जातो, उलथनं तळाशी पोचत नाही आणि गूळ तिथे जळतो. पाच-पाच किलोचे दोन घाणे करा. पितळी किंवा तांब्याचा टोप असेल तर आतली कल्हई आधी तपासा. कल्हई उडालेल्या भांड्यात हा भात कळकतो.

नारळ फोडताना प्रत्येकाचं पाणी वेगळ्या वाटीत घेऊन वास घ्या, खोबऱ्याचा कपटा चाखा, मगच खोवायला द्या. एक खवट नारळ तीस नारळांच्या खोबऱ्यात गेला की सगळा घाणा बिघडतो. तीन खोवण्यांवर तीन माणसं बसली तर काम तासाभरात आटोपतं. शिजल्यापासून चार तासांत वाढून संपवा आणि गरम भातावर घट्ट झाकण ठेवू नका. श्रावणातल्या दमट हवेत ओल्या नारळाचं काहीही संध्याकाळपर्यंत आंबूस होतं.

प्रश्न : नारळावर नारळ आपटून लढवण्याच्या स्पर्धेत दीडशे-दोनशे नारळ फुटतात. निम्मे वाळूतच टाकले जातात. त्यांचा उपयोग कसा करावा? (मालवण)

वाया जाण्याचं खरं कारण वाळू. नारळ फुटून खाली पडला की तडीत वाळू शिरते आणि मग कुणी हात लावत नाही. लढतीच्या जागी जाड ताडपत्री अंथरा, शेजारी स्वच्छ पाण्याचं एक घमेलं आणि झाकणाची दोन पिंपं ठेवा. फुटलेला नारळ जिंकणाऱ्याचा असतो, त्यामुळे "आम्हाला देता का?" असं प्रत्येक जिंकणाऱ्याला विचारायला दोन मुलं नेमा. विचारलं की बहुतेक जण देतात.

पिंप भरलं की ते दोन तासांच्या आत स्वयंपाकाच्या ठिकाणी पोचलं पाहिजे. खोबरं वाळवून ठेवू असा बेत करू नका. या दिवसांत ऊन टिकत नाही आणि ओल्या वाट्यांवर एका रात्रीत बुरशी धरते. बंदरावर बर्फ असतोच, पण मासळीचा बर्फ खोबऱ्याला थेट लावायचा नाही. तो खाण्यासाठी केलेला नसतो आणि वासही लागतो. सर्वांत चांगला उपयोग वड्यांचा: खोवलेल्या खोबऱ्याच्या चार वाट्यांना तीन वाट्या साखर, गोळा कडेने सुटेपर्यंत आटवलेला. या वड्या बाहेर चार दिवस टिकतात, म्हणजे बंदरावर न आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी आणि दवाखान्यातल्या पेशंटांपर्यंत पोचवायला वेळ मिळतो. मधुमेह असलेल्यांना वडीऐवजी अख्खा नारळ द्या.

खेळणाऱ्यांनी अंगठ्या आणि काचेच्या बांगड्या काढून ठेवाव्यात. खाली नारळ धरणाऱ्याची बोटं कडेला असावीत, वरच्या बाजूला येता कामा नयेत. लहान मुलांना दहा फुटांच्या आत उभं करू नका, करवंटीची कपची डोळ्याच्या उंचीवर उडते.

प्रश्न : समुद्राला सोन्याचा नारळ म्हणून सोनेरी कागद गुंडाळलेला नारळ सोडतात. त्याला पर्याय काय?

बाजारातला तो कागद बहुधा प्लॅस्टिकचा असतो. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेला सुती फडक्याचा तुकडा गुंडाळा आणि वर झेंडूची माळ सुतळीने बांधा. लांबून तोही सोनेरीच दिसतो. जरीची टिकली, थर्माकोल, रिबन काहीही नको. लाटेबरोबर ते पुन्हा तुमच्याच पुळणीवर येतं.

प्रश्न : मासेमारी बंदीत हात आखडलेल्या कुटुंबांना आमचं मंडळ धान्य देतं. यंदा २५ हजार रुपये जमलेत, वाडीत साठ घरं आहेत. कुणाला न दुखावता कसं वाटावं? (हर्णै)

तुमच्या पत्रातला "न दुखावता" हा शब्द महत्त्वाचा आहे, तिथूनच सुरुवात करू. नारळी पौर्णिमेच्या मंचावर, हार-फोटोसह पिशवी देऊ नका. ज्या बाईने आयुष्यभर टोपली डोक्यावर घेऊन स्वतःच्या कष्टाचं खाल्लं, तिला गावासमोर हात पुढे करायला लावणं योग्य नाही.

वेळही चुकते ती इथेच. बंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवसांची. जूनमध्ये घरात थोडी शिल्लक असते आणि सुकी मासळी विकून काही पैसे येतात. खरी ओढाताण जुलैच्या शेवटच्या पंधरवड्यात होते. शिल्लक संपलेली असते आणि त्याच वेळी होडीची डागडुजी, जाळ्याची दोरी, डिझेल, बर्फ यांना पैसे लागतात. मुलांच्या वह्या-पुस्तकांची उधारीही असतेच. तेव्हा मदत २० जुलैच्या सुमारास पोचली पाहिजे. पौर्णिमेपर्यंत होड्या बाहेर पडलेल्या असतात.

साठ घरांना सारखं वाटलं तर घरटी चारशे रुपये येतात. त्यात तेल-डाळ आठवडाभर पुरत नाही. आमचं मत स्पष्ट आहे: वीस घरं निवडा आणि त्यांना पुरेसं द्या. वाट्यावर काम करणारे खलाशी आधी, कारण होडी बंद म्हणजे त्यांचा वाटा शून्य. मग एकट्या बाईवर चालणारी घरं, मग घरात मोठं आजारपण असलेली. यादी तिघांनीच करावी, त्यातली निदान एक मासळी विकणारी बाई असावी. कुणाच्या घरी चूल कशी पेटते हे तिला कागदपत्रांपेक्षा नेमकं ठाऊक असतं.

पाकिटात तांदूळ घालू नका. बहुतेक घरांना तो रेशनवर मिळतो आणि दुसऱ्या पोत्याला टोके लागतात. पाच माणसांच्या घराला पंधरा दिवसांसाठी तूरडाळ २ किलो, मसूर १ किलो, तेल २ लिटर, साखर २ किलो, चहापूड अर्धा किलो, लाल तिखट पाव किलो, हळद १०० ग्रॅम, मीठ १ किलो, कांदे ३ किलो, बटाटे २ किलो, अंगाचे साबण चार आणि कपड्यांचे दोन. साधारण बाराशे-तेराशे रुपयांत बसतं, तुमच्या वाण्याचा भाव आधी लिहून घ्या.

त्याहून चांगलं म्हणजे चिठ्ठी. दोन वाण्यांशी बोलून प्रत्येकी १,२५० रुपयांच्या वीस चिठ्ठ्या करा. चिठ्ठीवर नाव नको, फक्त क्रमांक आणि मंडळाचा शिक्का. क्रमांक कुणाचा हे त्या तिघांनाच माहीत. घरातली बाई तिला हवं ते, हव्या त्या दिवशी घेते. एखाद्या घराला डाळ नको असते, बाळाचं दूध हवं असतं. तंबाखू-गुटखा चिठ्ठीवर मिळणार नाही एवढं वाण्याला सांगून ठेवा आणि बिलं बघूनच पैसे चुकते करा. चिठ्ठ्या घरी नेऊन द्यायच्या, संध्याकाळी, एका माणसाने. पाकिटंच द्यायची ठरली तर डाळ परातीत ओतून किडे बघा आणि तेलावरची तारीख वाचा. जुना माल अशा मोठ्या खरेदीतच खपवला जातो.

प्रश्न : वर्गणीसाठी परवानगी लागते का?

मंडळाची न्यास म्हणून नोंदणी नसेल तर हो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यायची. मंडळाचा ठराव, पदाधिकाऱ्यांची नावं आणि ओळखपत्रं, जागेचं संमतीपत्र आणि गेल्या वर्षीचा हिशोब तयार ठेवा. अर्ज बहुधा अडतो तो गेल्या वर्षीच्या हिशोबापाशीच, म्हणून पावतीपुस्तकांची अर्धुकं टाकू नका. महाप्रसाद करणार असाल तर अन्न सुरक्षा नियमांखालची नोंदणीही लागते.

प्रश्न : विसर्जनाला भरती-ओहोटीची वेळ घरच्या घरी कशी काढावी?

जुन्या माणसांचा हिशोब अजून उपयोगी आहे: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार. पौर्णिमेला सव्वा अकरा. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. उत्तरेकडे जावं तशी भरती थोडी उशिरा येते, मुंबईकडे अर्धा-पाऊण तास सहज. म्हणून हा अंदाज समजा आणि अंतिम वेळ बंदर खात्याच्या भरतीच्या तक्त्यावरून किंवा होडीवाल्याला विचारून ठरवा.

दीड दिवसाच्या गणपतीला, पंचमीला, पावणेचारच्या सुमारास पाणी भरलेलं असतं. संध्याकाळी ते उतरत जातं, उतरत्या पाण्याची ओढ आत खेचते. छातीएवढ्या पाण्यात उतरू नका.

अनंत चतुर्दशीचं गणित उलटं आहे. भरती साडेदहाला, ओहोटी पावणेपाचला. मिरवणूक पोचते तेव्हा पाणी लांब गेलेलं असतं, म्हणून माणसं मूर्ती घेऊन ओल्या पुळणीवर पुढे पुढे जातात. पाणी परत येताना सारख्या वेगाने येत नाही. पहिल्या दोन तासांत हळू, आणि मधल्या दोन तासांत, म्हणजे पावणेसात ते पावणेनऊ, जवळजवळ निम्मी भरती चढते. नेमका हाच आपल्या आरतीचा वेळ. चतुर्दशी-पौर्णिमेचं उधाण असल्याने पाणी चढतंही जास्त. २०२५ साली गिरगाव चौपाटीवर लालबागच्या राजाचं विसर्जन भरतीमुळे कित्येक तास खोळंबलं, हे सर्वांनी पाहिलं. मोठी मूर्ती गाड्यावर असेल तर साडेसहाच्या आत विसर्जन आटपा. चाकं ओल्या वाळूत रुतली आणि पाणी लागलं की वाळू चाकाखालून निघून जाते, मग दहा माणसांनाही गाडा हलत नाही. गाड्याच्या वाटेवर जाड फळ्या टाका आणि मागच्या बाजूला दोर बांधून ठेवा, ओढायचा झाला तर मागेच ओढावा लागतो.

पाण्यात पाय घासत चाला, उचलून टाकू नका. पायाच्या चाहुलीने पाकट (वाळूत दडून बसणारा, शेपटीला काटा असलेला चपटा मासा) सरकतं, अंगावर पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं. काटा लागलाच तर जखम धुऊन पाय सोसवेल एवढ्या कढत पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. त्याने वेदना कमी होते. पाणी किती कढत आहे ते दुसऱ्याने हात घालून बघावं, दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही. मग दवाखाना. काटा छातीत किंवा पोटात रुतला असेल तर तो उपटायचा नाही, तसाच हॉस्पिटलात न्यायचा. किनाऱ्यावर स्टोव्ह आणि पाण्याचा मोठा टोप तयार असावा. प्रसादाच्या चहासाठी तो तिथे असतोच, फक्त एक माणूस त्यावर नेमून ठेवा.