घर आणि छोट्या वर्कशॉपसाठी एकच स्क्रूड्रायव्हर सेट घ्यायचा तर कोणता घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात मानेवाड्याला घराखालच्या गाळ्यात कूलर-मोटर दुरुस्तीचं काम सुरू करताय, आणि ऑनलाइन 46 नगांचा एक डबा पसंत पडलाय, तो घ्यावा का. घरच्या कपाटात ठेवायला घ्या. गाळ्यातल्या कामाला तो पुरणार नाही.

मी हिंगण्याच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होतो, पण हे शिकलो घरी. दोन वर्षांमागे ऐन एप्रिलात कूलरचा पंप बसला. हाताशी असाच 31 नगांचा डबा होता, भाच्याने दिलेला. कव्हरचे तीन स्क्रू निघाले, चौथ्यावर बिट (मुठीत बसवायचं सुटं टोक) गर्रकन फिरली आणि स्क्रूचं डोकं गुळगुळीत. बिट पाहिली तर तिचेही कोपरे गोल झालेले. आमच्या बोअरचं पाणी जड, सीझनभरात स्क्रूवर पांढरा थर चढतो आणि खाली गंज. शेवटी ड्रिलने डोकं उडवावं लागलं. त्या रात्री घरचे सगळे गच्चीवर झोपले आणि मी सगळ्यांची बोलणी खाल्ली.

तेव्हापासून मी नगांची संख्या बघतच नाही, टोक बघतो. आणि इथे दुकानातल्या भाषेचा एक घोळ आहे. आपल्याकडे फुलीच्या टोकाला कोणी प्लस म्हणतो, कोणी स्टार. खरा सहा पाकळ्यांचा स्टार म्हणजे टॉर्क्स, तो वेगळा. फुलीतही पुन्हा जाती आहेत. फिलिप्स म्हणजे पीएच. पॉझिड्राइव्ह म्हणजे पीझेड, त्याच्या फुलीच्या मधे बारीक तिरप्या रेघा असतात. मॉड्युलर किचनच्या बिजागऱ्यांवर बहुधा हाच सापडतो. तिसरी जात जपानी, जेआयएस. जपानी घराण्यातल्या दुचाकींचे इंजिन कव्हरचे, कार्बोरेटरचे जुने स्क्रू याच जातीचे. डोक्यावर बारीक ठिपका दिसला तर ओळखा. त्यात साधं फिलिप्स पूर्ण खोल बसत नाही, म्हणून जोर लावला की वर उसळतं आणि खाचा खातं. मेकॅनिक मग म्हणतो, स्क्रूच खराब होता. गाळ्यात उद्या कोणी गाडी आणली तर एक जेआयएस असू द्या.

माझा सल्ला असा. रोजच्या कामाला फिक्स दांडीचे चार-पाच घ्या: पीएच 1, पीएच 2 (आकडा टोकाच्या मापाचा), चपट्यात एक बारीक आणि एक सहा मिलिमीटरच्या आसपासचा, आणि एक बुटका पीएच 2, कारण मोटरच्या मागे हात जातो पण लांब दांडी जात नाही. घरातलं बहुतेक काम पीएच 2 वरच होतं, म्हणून पैसे तिथे ओता. गंजलेल्या स्क्रूंसाठी एक गो-थ्रू हवाच. त्याची दांडी मुठीतून आरपार जाऊन मागे पोलादी टोपी असते, वरून हातोडी मारता येते. आधी गंज सोडवायचा स्प्रे, पंधरा मिनिटं थांबायचं, मग दोन-चार ठोके, मगच फिरवायचं. साध्या मुठीवर हातोडी मारली तर मूठ तडकते. मात्र गो-थ्रू विजेच्या कामाला अजिबात नाही, टोकापासून टोपीपर्यंत सगळं धातू.

बिटवाला सेट दुय्यम, पण लागतोच. टॉर्क्स, अ‍ॅलन (सहा कोनी टोक), पीझेड सगळे वेगवेगळे कोण घेणार! बिटचा बुंधा पाव इंची षटकोनी असावा, म्हणजे तीच बिट ड्रिल मशीनलाही चालते. बिटवर एस 2 लिहिलेलं पाहा, ती कणखर पोलादाची जात. मोबाईल-लॅपटॉपच्या सेटला 4 मिलिमीटरचा बुंधा असतो, तो वेगळा घ्या; आयफोनच्या तळाच्या स्क्रूला तर पाच पाकळ्यांचं टोक लागतं.

विजेसाठी दांडीवर टोकाजवळपर्यंत आवरण असलेला आणि 1000 व्होल्टची खूण असलेला एक घ्या. मूठ प्लास्टिकची आहे म्हणजे झालं, असं नाही. टेस्टर स्क्रूड्रायव्हर नव्हे, हे दहादा सांगूनही आपण त्यानेच स्विचबोर्ड उघडतो (मीही). टेस्टर पेटला नाही म्हणून तार मेली असंही धरू नका. तुम्ही प्लास्टिकच्या स्टुलावर उभे असलात तर दिवा मंद पडतो. कूलरचं काम करताना तर बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा. वायरिंग उलटं असेल तर बटण बंद असूनही आत फेज असतो.

खरेदीला इतवारीत लोहाओळीकडे चक्कर मारा, आणि जाताना खिशात घरचे पाच-सहा स्क्रू टाका. लाजू नका. स्क्रू टोकावर बसवून ड्रायव्हर आडवा धरा. टोक नीट बसणारं असेल तर चुंबकाशिवायही स्क्रू लोंबत नाही, पडत नाही. हललं तर दुसरा दाखवा म्हणा. ब्रँडचं विचाराल तर टापरिया माझ्याकडे वर्षानुवर्षं आहे आणि तक्रार नाही.

आणि पीएच 2 दोन घ्या. एक शेजारी नेतो, तो कूलर बंद करायच्या दिवसांतच परत मिळतो.