मधल्या ओळी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

परवा तू घरच्या पेटीतले दोन मोडी कागद घेऊन ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी आलीस आणि निघताना जिन्यात थांबून म्हणालीस, "आजोबा, पणजोबांच्या धर्मशाळेला जागा महाराजांनी दिली, तिचे काम इंग्रजांनी बंद पाडले, एवढे लिहिले की झाले ना?" मी तेव्हा गप्प राहिलो, कारण बोललो असतो तर रागावून बोललो असतो. तुझा गोंधळ खरा आहे आणि तो तुझ्या एकटीचा नाही. ग्वाल्हेरातल्या निम्म्या मराठी घरांत असे अर्धे वाचलेले कागद पडून आहेत. म्हणून सवडीने लिहितो.

तू सनदेचा मायना वाचलास, ग्वाल्हेरच्या जयाजीराव शिंदे महाराजांचे नाव वाचलेस, शिक्का पाहिलास. दुसऱ्या कागदातले "काम तहकूब ठेवावे" हे शेवटचे शब्द वाचलेस. दोन्ही कागदांतला मधला मजकूर मात्र अक्षर किचकट आहे म्हणून सोडून दिलास. जमिनीचा कागद वाचताना मी एकच गोष्ट मानतो: मधल्या ओळी वाचाव्यात. देणाऱ्याचे नाव वर असते आणि शिक्का खाली असतो, पण घेणाऱ्याच्या पदरात काय पडले आणि काय राखून ठेवले, ते मध्ये लिहिलेले असते.

मराठी इनामपत्रात "कुलबाब कुलकानू" (सगळ्या बाबी आणि सगळे कर) आणि "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप" हे शब्द येतात, म्हणजे पाण्यापासून पुरलेल्या धनापर्यंत सारे दिले. घरोघरी एवढेच पाठ असते. त्याला लागूनच "खेरीज हक्कदार व इनामदार" असे शब्द असतात, म्हणजे त्या जागेवर ज्यांचे आधीचे हक्क आहेत ते वगळून दिले. या शब्दांनी देणगीची हद्द आखली जाते आणि नेमके तेच शब्द आपण गाळतो. तुझ्या कागदात हे शब्द आहेत का? "वंशपरंपरेने" आहे का? चतुःसीमा, म्हणजे चारी बाजूंच्या हद्दी, कोणत्या दिल्या आहेत? हे तू मला सांगू शकली नाहीस, आणि तरीही जागा आपली होती असे लिहायला निघालीस.

दुसरे म्हणजे, इंग्रजांच्या दप्तरातला "ग्रँट" हा शब्द पाहून तो म्हणजे आपले इनाम असे समजू नकोस. बंगाल लष्कराच्या छावण्यांतील जमिनींसाठी गव्हर्नर जनरलने 12 सप्टेंबर 1836 रोजी 179 क्रमांकाचा हुकूम काढला. त्याप्रमाणे जागा मिळे, पण जमीन सरकारचीच राही. एक महिन्याची नोटीस देऊन सरकार ती परत घेऊ शके आणि त्या वेळी किंमत मिळे ती परवानगीने बांधलेल्या इमारतींची. लष्कराबाहेरच्या माणसाला घर विकायचे तर छावणीच्या मुख्य अधिकाऱ्याची लेखी संमती लागे, आणि घेणारा हिंदुस्थानी असून किंमत 5,000 रुपयांच्या वर असेल तर प्रकरण सरकारपर्यंत जाई. ही व्यवस्था अन्यायाची होती, हे मी निःसंकोच म्हणतो. ज्यांच्या मुलखात छावणी बसवली, त्यांनाच तिथे घर घेण्यासाठी परवानगी मागावी लागे. पण "परवानगीने बांधलेल्या" या शब्दांकडे पुन्हा एकदा पाहा. ज्याने मंजुरीचा कागद जपला त्याला भिंतींची किंमत मागता येत होती. ज्याने साहेबाच्या तोंडी होकारावर जोते उभारले, त्याच्या हाती काही राहत नव्हते. ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीतल्या तुमच्या धर्मशाळेच्या जागेला हाच हुकूम लागू होता असेही गृहीत धरू नकोस. कागदात त्याचा किंवा दुसऱ्या कुठल्या नियमाचा उल्लेख आहे का, ते शोध. तो असलाच तर मधल्या ओळींतच असेल.

आता "इंग्रजांनी बंद पाडले" या वाक्याबद्दल. मुरारची छावणी आणि ग्वाल्हेरचा किल्ला 1858 पासून इंग्रज फौजेकडे होते. 1886 साली झाशीच्या बदल्यात दोन्ही शिंद्यांकडे परत आले. त्याच वर्षी जून महिन्यात जयाजीराव महाराज वारले, त्यांचे पुत्र माधवराव महाराज वयाने लहान होते आणि राज्याचा कारभार एका मंडळाकडे गेला. तुझ्या तहकुबीच्या कागदावर महिना दिसतो, पण सालाच्या जागी कागद फाटलेला आहे. साल 1886 च्या आधीचे असेल तर हुकूम छावणीचा असण्याचा संभव आहे. नंतरचे असेल तर काम आपल्याच दरबाराच्या एखाद्या खात्याने थांबवले असेल, आणि मग चार पिढ्या तुमच्या घरात सांगितलेली गोष्ट बदलेल. ते तुझ्या वडिलांना आवडणार नाही. तरी तुला तसेच लिहावे लागेल.

मी इतक्या हट्टाने का बोलतो, ते सांगतो. चौतीस वर्षांचा असताना मी एका छोट्या वाचनालयाचा चिटणीस होतो. जागा पट्ट्याने मिळाली होती. भिंती खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि एका कार्यालयाने काम थांबवले. मी वकील, तरुण आणि जागा आमची आहे या एकाच गोष्टीने पेटलेला. दावा लावला आणि नऊ वर्षे मालकीवर भांडलो. पट्ट्याच्या सहाव्या ओळीत "नकाशा मंजूर करून घेऊन" असे स्पष्ट लिहिले होते आणि आम्ही तो मंजूर करून घेतला नव्हता. नकाशा दाखल करून पुन्हा अर्ज केला असता तर एखाद्या पावसाळ्याचा उशीर झाला असता. नऊ वर्षांत विटा लोकांनी नेल्या, सळया गंजल्या आणि ज्या आजींनी आपल्या पाटल्या मोडून पहिली देणगी दिली होती, त्यांनी ती इमारत पाहिली नाही. आजही मी म्हणतो की नोटीस न देता काम थांबवणे चूकच होते, आणि त्याविरुद्ध उभा राहिलो याचा मला पश्चात्ताप नाही. न लढता गप्प बसलो असतो तर पुढच्या प्रत्येक संस्थेला त्या कार्यालयाने तसेच वागवले असते. पण मी चुकीच्या ओळीवर उभा राहून लढलो. सहावी ओळ मी वाचली होती. ती मला नको होती, म्हणून बाजूला ठेवली.

तू तसे करू नकोस. पणजोबांवरच्या मायेने कागदाला तुझ्या मनासारखे बोलायला लावू नकोस. त्यांच्यावर अन्याय झाला असेल तर तो कोणी केला, कोणत्या अधिकाराने केला आणि दिलेला शब्द कुठे मोडला, हे नेमके दाखवता आले पाहिजे. त्यासाठी मधल्या ओळी लागतात.

दोन्ही कागदांचे ओळीस ओळ बाळबोध, म्हणजे देवनागरी अक्षरांत, करून आण. जिथे अक्षर लागत नाही तिथे जागा कोरी सोड, अंदाजाने भरू नकोस. मूळ कागद घडीवर आणखी फाटू लागले आहेत, तेव्हा ते घडी न घालता दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून आण. पेटीत धर्मशाळेच्या खर्चाचा काही हिशेब, निदान चुन्याची किंवा गवंड्याच्या मजुरीची एखादी यादी आहे का, तेही पाहा. तिच्यावर तिथी आणि शक असेल, आणि काम कधी थांबले ते त्यावरून ठरवता येईल. रविवारी सकाळी ये. भिंग माझ्याकडे आहे.

तुझा,
आजोबांचा स्नेही