दुबईचे थकलेले कर्ज आणि रेड कॉर्नर नोटीस : जहाजावर निघालेल्या भावाला अटक होईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमचा धाकटा भाऊ गुहागर तालुक्यातला. २०१६ मध्ये दुबईतील नोकरी सुटल्यावर वैयक्तिक कर्ज आणि क्रेडिट कार्डाची बाकी तशीच ठेवून तो गावी परतला. आता त्याला जहाजावर फिटरची नोकरी मिळाली असून पुढील महिन्यात सिंगापूरला साइन ऑन करायचे, म्हणजे जहाजावर रुजू व्हायचे आहे. अशात एका वसुली एजंटाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस’ म्हणून एक पीडीएफ पाठवली आहे, आणि त्याला मुंबई विमानतळावर पकडून दुबईला पाठवतील का, असे तुम्ही विचारले आहे.

मी रत्नागिरीत वकिली करतो. दापोली, खेड, मंडणगड, गुहागर या भागांतील घरटी एक माणूस आखातात किंवा जहाजावर असल्यामुळे हा प्रश्न माझ्यापुढे पुन्हा पुन्हा येतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे, की केवळ त्या नोटिशीवरून मुंबईतून थेट दुबईला रवानगी होणार नाही. मात्र नोटीस खरोखर निघाली असेल, तर सिंगापूरमध्ये किंवा त्यापुढच्या एखाद्या बंदरात अटक होण्याचा धोका खरा आहे, आणि तो टाळण्यासाठी जे काही करायचे ते घरातून बॅग उचलण्यापूर्वीच करावे लागते.

आधी त्या पीडीएफविषयी. गेल्या वर्षी दापोलीजवळच्या एका गावातून एक आई असाच कागद घेऊन माझ्याकडे आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत त्या कागदाची छापील प्रत आणि तिच्यासोबत कलमांच्या बागेचा सातबारा होता, कारण बाग गहाण टाकून पैसे भरायची तिची तयारी झालेली होती. कागदाच्या माथ्यावर इंटरपोलचे चिन्ह होते, पण खऱ्या चिन्हात पृथ्वीच्या गोलाबरोबर तलवार आणि तराजू असतो, इथे तलवार होती आणि तराजू नव्हता. तळाशी पैसे भरण्यासाठी एक खाते क्रमांक दिला होता. खऱ्या नोटिशीत खाते क्रमांक कधीही नसतो आणि ती कोणत्याही बँकेला किंवा वसुली एजंटाला काढता येत नाही. एखाद्या देशाच्या राष्ट्रीय केंद्रीय विभागाने मागणी केली, तरच लियाँ येथील इंटरपोलचे सचिवालय ती तपासून प्रसृत करते. आपल्याकडे हा विभाग म्हणजे सीबीआय. तेव्हा तुमच्या भावाला आलेला कागद बनावट असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावरच्या खात्यात एक रुपयाही भरू नका. पण कागद खोटा निघाला म्हणून प्रकरणही खोटे आहे, असे समजू नका. ज्याच्या मागे दुबईत जुना धनादेशाचा गुन्हा आहे, त्यालाच असे कागद जास्त विश्वासाने पाठवले जातात.

रेड कॉर्नर नोटीस हे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट आहे, असा समज आपल्याकडे वर्तमानपत्रांनीच रुजवला आहे. प्रत्यक्षात ती १९६ सदस्य देशांच्या पोलिसांना केलेली विनंती असते : हा माणूस शोधा आणि प्रत्यार्पणाची मागणी येईपर्यंत त्याला तात्पुरते ताब्यात ठेवा. ती विनंती मानायची की नाही आणि तिला किती कायदेशीर वजन द्यायचे, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्यानुसार ठरवतो. काही देशांत तेवढ्यावर अटक होते, काही देशांत होत नाही. शिवाय बहुतेक नोटिसा इंटरपोलच्या संकेतस्थळावर जाहीरच केल्या जात नाहीत. त्यामुळे तिथे शोधून नाव सापडले नाही, म्हणून निर्धास्त होणे धोक्याचे आहे. नोटिशीखेरीज ‘डिफ्यूजन’ नावाचा एक प्रकार असतो, ज्यात एक देश निवडक देशांना थेट तशीच विनंती पाठवतो. ती तर बाहेर कुठेच दिसत नाही.

भारतात असताना तुमच्या भावाची बाजू भक्कम आहे. परदेशाने एखाद्याला मागितले, तर १९६२चा प्रत्यार्पण कायदा लागू होतो. या कायद्याच्या कलम ३४-ब खाली तातडीच्या विनंतीवरून तात्पुरती अटक होऊ शकते, पण ६० दिवसांत रीतसर मागणी आली नाही, तर त्या व्यक्तीला सोडावे लागते. मागणी परराष्ट्र मंत्रालयामार्फत आल्यावर दंडाधिकारी चौकशी करतात, सकृद्दर्शनी पुरावा नसेल तर आरोपीला मुक्त करतात, आणि असेल तरीही अंतिम निर्णय केंद्र सरकारचा असतो. याहून महत्त्वाचे म्हणजे, भारत आणि संयुक्त अरब अमिरात यांच्यातील १९९९च्या प्रत्यार्पण करारात एकमेकांच्या नागरिकांना सुपूर्द न करण्याची तरतूद कलम ५ मध्ये आहे. त्याऐवजी ते प्रकरण इथल्या यंत्रणेपुढे खटल्यासाठी ठेवायचे असते. म्हणून भारतीय पासपोर्ट असलेल्या माणसाला मुंबईतून दुबईला पाठवतील, ही भीती तुम्ही मनातून काढून टाका. नोटीस खरी असेल, तर तिच्या आधारे लूकआउट सर्क्युलर (विमानतळांना दिलेली पाळतीची सूचना) निघून विमानतळावर अडवणूक आणि चौकशी मात्र होऊ शकते.

देशाबाहेर पाऊल टाकताच हे संरक्षण संपते. सिंगापूर, ग्रीस किंवा ब्राझीलच्या दृष्टीने तुमचा भाऊ परका नागरिक असतो, आणि त्याला सुपूर्द करण्यात भारताच्या कराराची आडकाठी येत नाही. आखाती देशांची गोष्ट तर त्याहून वेगळी आहे. अरब देशांमध्ये १९८३च्या रियाध करारापासून न्यायालयीन सहकार्याची स्वतंत्र व्यवस्था आहे, तेव्हा इंटरपोलची नोटीस नसली तरीही मस्कत, दोहा किंवा बहरीन मार्गे जाणारे तिकीट घेऊ नका. कंपनीने स्वस्त म्हणून तसे तिकीट काढले, तर बदलून मागा.

आता बचाव. पहिले काम म्हणजे दुबईत नेमके काय दाखल आहे, ते शोधणे. बँकेने कर्ज देताना कोरा, बिनतारखेचा हमीधनादेश घेतला असणारच, आणि हप्ते थांबल्यावर तो वटवायला टाकून पोलिसांत तक्रार केली असणार. त्या काळी नुसता धनादेश न वटणे हाही तिथे फौजदारी गुन्हा होता. २ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने शिल्लक अपुरी म्हणून परत गेलेला धनादेश बहुतांशी फौजदारी कक्षेबाहेर काढला. मुद्दाम खाते बंद करणे, बँकेला पैसे न देण्याचे सांगणे किंवा बनावट करणे हे मात्र अजूनही गुन्हेच आहेत. जुने प्रकरण मिटले, शिक्षेत रूपांतरित झाले की तसेच पडून आहे, हे तिथल्या वकिलाला मुखत्यारपत्र देऊन पाहता येते. त्यासाठी नोटरी, मंत्रालय, परराष्ट्र खाते, अमिरातीच्या वकिलातीचा शिक्का आणि अरबी भाषांतर अशी रांग लागते, म्हणून ते काम आजच सुरू करा.

दुसरे काम इंटरपोलकडचे आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच थोड्यांना माहिती आहे. इंटरपोलच्या फाइलींवर देखरेख ठेवणारा एक स्वतंत्र आयोग आहे. त्याच्याकडे कोणीही अर्ज करून आपल्याविषयी काही नोंद आहे का, हे विचारू शकतो, आणि असल्यास ती काढून टाकण्याची मागणी करू शकतो. अर्जाला शुल्क नाही. अर्ज दाखल करून घेतल्यानंतर माहितीच्या अर्जावर चार महिन्यांत आणि नोंद काढण्याच्या अर्जावर नऊ महिन्यांत निर्णय देण्याची मुदत २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत आहे. संबंधित देश माहिती उघड करण्यास हरकत घेऊ शकतो, त्यामुळे उत्तर नेहमीच हवे तेवढे स्पष्ट येत नाही.

या अर्जात काय मांडायचे, इथे खरे कौशल्य लागते. इंटरपोलच्या माहिती-प्रक्रिया नियमांतील नियम ८३ नुसार रेड नोटीस फक्त गंभीर गुन्ह्यासाठी निघू शकते. खटल्यासाठी हवा असेल, तर त्या गुन्ह्याची कमाल शिक्षा दोन वर्षे किंवा त्याहून जास्त असली पाहिजे. शिक्षा भोगण्यासाठी हवा असेल, तर किमान सहा महिन्यांची शिक्षा झालेली किंवा उरलेली असली पाहिजे. खाजगी वादातून उद्भवलेल्या गुन्ह्यांना, गंभीर गुन्हेगारीशी संबंध नसेल तर, नोटीसच देता येत नाही. तुमच्या भावाचा बचाव इथे उभा राहतो : कर्ज खऱ्या नोकरीवर, खऱ्या पगारपत्रकावर घेतले, काही हप्ते नियमित भरले, नोकरी गेल्यावरच थांबले, आणि धनादेश हा हमी म्हणून दिला होता, फसवण्यासाठी नव्हे. जुने पगारपत्रक, बँकेचे उतारे, नोकरी संपल्याचे पत्र हे कागद म्हणून सोन्याच्या मोलाचे आहेत. पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, जिथे असतील तिथून शोधून काढा.

एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुमच्याकडून होऊ नये. माझ्या पहिल्या अशा प्रकरणात मी युक्तिवादावर आठवडाभर मेहनत घेतली, आणि अशिलाच्या सहीचे अधिकारपत्र व ओळखपत्राची प्रत जोडायचे राहून गेले. अर्ज दाखलच झाला नाही, मुदतही सुरू झाली नाही आणि त्या मुलाची साइन ऑनची तारीख निघून गेली. त्याला मी आजही नजर देऊ शकत नाही. अर्ज अरबी, इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश यांपैकी एका भाषेत असावा लागतो, आपले मराठी दाखले भाषांतर करूनच जोडावेत.

नोटीस रद्द झाली म्हणजे सर्व संपले, असेही नाही. मेहुल चोक्सीची नोटीस नोव्हेंबर २०२२ मध्ये याच आयोगाने काढून टाकली होती, तरी एप्रिल २०२५ मध्ये भारताच्या थेट विनंतीवरून त्याला बेल्जियममध्ये अटक झाली. नोटीस आणि प्रत्यार्पणाची मागणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उलट बाजूचे उदाहरण हकीम अल-अरैबी या फुटबॉलपटूचे. ऑस्ट्रेलियाने त्याला निर्वासित म्हणून आश्रय दिलेला असताना बहरीनने काढलेल्या नोटिशीवरून नोव्हेंबर २०१८ मध्ये तो बँकॉकला पकडला गेला. ज्या देशातून माणूस जीव मुठीत घेऊन पळाला, त्या देशाच्या मागणीवरून निर्वासिताविरुद्ध नोटीस काढायची नाही, या धोरणामुळे ती मागे घेतली गेली, तरी सुटायला फेब्रुवारी २०१९ उजाडला. चुकीची नोटीससुद्धा माणसाचे महिने खाते.

दुर्दैवाने भाऊ परदेशात पकडला गेलाच, तर त्याने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. भारतीय वकिलातीला कळवण्याची मागणी लगेच करावी, वकिलातींविषयीच्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने तो हक्क दिला आहे. ‘सही करा, म्हणजे लवकर सुटाल’ असे म्हणून पुढे केलेल्या संमतिपत्रावर वकील भेटल्याशिवाय सही करू नये, कारण ती बहुधा सुपूर्द होण्याला दिलेली संमती असते. आणि तिथल्या वकिलाला पहिला प्रश्न हा विचारावा की, हे कृत्य या देशातही गुन्हा आहे का. दोन्ही देशांत गुन्हा असणे ही प्रत्यार्पणाची सर्वसाधारण अट आहे, आणि न वटलेला धनादेश अनेक देशांत केवळ दिवाणी बाब असतो. (आपल्याकडे मात्र धनादेश न वटणे हा गुन्हा ठरवणारे कलम १३८ आहे. चिपळूण-खेडच्या कोर्टांत त्याच्या तारखा रोज लागतात, म्हणून भारतातील चौकशीत हा मुद्दा फारसा टिकत नाही.)

आता तुम्ही न विचारलेली गोष्ट. जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ खाली अमिरातीला अधिसूचित केले. त्यामुळे तिथल्या न्यायालयाचा पैशाचा हुकूमनामा थेट आपल्या जिल्हा न्यायालयात दरखास्त दाखल करून बजावता येतो, आणि मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशा दरखास्तीची मुदत त्या परक्या देशाच्या कायद्याने मोजायची. म्हणजे तुरुंग टळला तरी घर-बागेवर जप्ती येण्याचा मार्ग उघडाच राहतो. भावाला समन्स न देता एकतर्फी निकाल झाला असेल, तर कलम १३ खाली हरकत घेता येते. माझा सल्ला असा, की बँकेशी, एजंटाशी नव्हे, तिथल्या वकिलामार्फत लेखी तडजोड करा, बँका व्याज सोडून मुद्दलावर येतात हे मी पाहिले आहे. पैसे भरण्यापूर्वी तक्रार मागे घेण्याचे आणि नोटीस असल्यास ती रद्द करण्यासाठी कळवण्याचे पत्र मसुद्यासह ठरवून घ्या.

पुढील महिन्यात मात्र त्याला पाठवू नका. कंपनीच्या मॅनिंग एजंटला (जहाजावर माणसे भरणाऱ्या दलालाला) घरगुती अडचण सांगून साइन ऑन पुढे ढकलता येते, सीडीसीवर, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकावर, त्याचा डाग पडत नाही. या आठवड्यात अधिकारपत्रावर त्याची सही घ्या, पासपोर्टची स्वच्छ प्रत काढा आणि अर्ज रवाना करा. उत्तर येईल तेव्हा ते पत्र पासपोर्टसोबत ठेवूनच त्याने जहाज गाठावे.