मुंबईत घरच्या ३ फुटी रीफ टँकसाठी (खाऱ्या पाण्यात प्रवाळं पाळतात ती टाकी) एलईडी लाइट स्वतः बनवता येईल का? १०० वॉटचा फ्लडलाइट चालेल?

चालेल. म्हणजे त्याने प्रवाळ मरणार नाही. पण लावू नका.

तुम्ही लिहिलंय की टँक ३६ बाय १८ बाय १८ इंचांचा आहे, भांडुपला पश्चिमेकडच्या खोलीत ठेवलाय, एसी नाही, आणि तुमचा इलेक्ट्रिशियन मित्र म्हणतो की दुकानाबाहेर असतो तसला १०० वॉटचा पांढरा फ्लडलाइट टांगला की झालं. मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. पांढरी एलईडी मुळात निळीच असते. निळ्या चिपवर फॉस्फर नावाच्या पिवळ्या, चमकणाऱ्या पदार्थाचा थर दिला की दोन्ही प्रकाश मिसळून डोळ्याला पांढरं दिसतं. शुजी नाकामुरा या जपानी संशोधकांनी १९९३ मध्ये झगझगीत निळी एलईडी करून दाखवली म्हणून हे शक्य झालं, आणि त्याच कामाबद्दल त्यांना आकासाकी आणि आमानोंसोबत २०१४ चं नोबेल मिळालं. प्रवाळाच्या अंगात राहणारं शैवाल जगतं ते मुख्यतः ४३० ते ४८० नॅनोमीटरच्या निळ्यावर. समुद्रात तांबडा प्रकाश वरच्या काही मीटरमध्येच संपतो, खाली निळाच पोचतो, त्यामुळे त्यांची सवयच ती. म्हणजे फ्लडलाइटमधलं निळं त्यांना उपयोगी पडेल, पण तुम्ही बिल भरणार त्यातला मोठा भाग पिवळ्या-हिरव्यावर जाणार, जो माणसाच्या डोळ्यासाठी केलेला आहे. शिवाय तो सगळा प्रकाश अंगठ्याएवढ्या जागेतून येतो. बरोबर खाली भाजणारा ठिपका आणि ३ फुटी टँकची दोन्ही टोकं अंधारात, असं होतं.

आता तुम्हाला किती प्रकाश लागेल ते तुम्ही काय पाळणार यावर ठरतं, आणि ते कायद्यावरही ठरतं. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया, २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ आहे त्याच यादीत. दुकानदार हॅमर, टॉर्च वगैरे नावं घेऊन "सॉफ्टच आहे हो" म्हणतो तेव्हा लक्षात ठेवा, दोन्ही कठीण गटातलीच आहेत. आपल्या किनाऱ्यावरही ती आहेत. कोस्टल रोडच्या वेळी २०२० मध्ये वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरच्या १८ वसाहती रीतसर परवानगी घेऊन उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या होत्या. महापालिकेला ही कथा, तर आपण कोण? तेव्हा तुमच्या टँकमध्ये झोअँथिड, मशरूम, लेदर असली मऊ मंडळी असतील असं मी धरून चालते.

ही मंडळी ८० ते १५० पारमध्ये मजेत राहतात. पार म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडणारे प्रकाशसंश्लेषणाच्या उपयोगाचे फोटॉन, मायक्रोमोलमध्ये मोजलेले. परदेशी व्हिडिओत ३००-३५० पारचे आकडे ऐकू येतात ते ऍक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांसाठी. ते आकडे डोक्यातून काढलेत की लाइट निम्म्यावर येतो, आणि मुंबईत निम्म्यावर येणं फार मोलाचं आहे. का ते पुढे सांगते.

मी तुमच्या टँकसाठी बनवला असता तर ३ वॉटच्या ३६ एलईडी घेतल्या असत्या आणि त्या ७०० ऐवजी ५०० मिलिअँपिअरवरच चालवल्या असत्या. जास्त एलईडी कमी करंटवर चालवल्या की त्या थंड राहतात, त्याच विजेत थोडा जास्त प्रकाश देतात आणि जास्त टिकतात. बाराबाराच्या तीन माळा करा. पहिलीत सगळ्या रॉयल ब्लू, म्हणजे ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या. दुसरीत सहा रॉयल ब्लू, चार साध्या ब्लू ४७०-वाल्या आणि दोन ४२०-च्या जांभळ्या. तिसरी पूर्ण पांढरी, जी तुम्ही तीस-चाळीस टक्क्यांवरच ठेवाल, फक्त टँक डोळ्यांना बरा दिसावा म्हणून. लाल-हिरव्या एलईडी घालू नका. त्यांनी पाण्यात रंगीबेरंगी डाग नाचतात आणि गणपतीच्या मखराची कळा येते.

गणित असं. एक एलईडी साधारण ३.२ व्होल्ट घेते, बारा मालिकेत लावल्या की ३८-३९ व्होल्ट. ४८ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि प्रत्येक माळेला स्वतंत्र कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर, म्हणजे करंट ठरावीकच ठेवणारा छोटा सर्किट. मीन वेल कंपनीचा एलडीडी-५००एच यासाठी मस्त आहे, काडेपेटीहूनही लहान. सगळं मिळून एलईडींना ५८ वॉटच्या आसपास लागतात, त्यामुळे १०० वॉटचा सप्लाय आरामात पुरतो. दिवसाला नऊ तास धरले तर महिन्याला १८-२० युनिट. पूर्वी लोक २५० वॉटचा मेटल हॅलाइडचा दिवा लावायचे, त्याला याच हिशेबाने सत्तरच्या आसपास युनिट जात आणि वर पाणी तापायचं ते वेगळं.

दोन माळा एकाच ड्रायव्हरला समांतर जोडायच्या नाहीत. एलईडी तापली की तिचा व्होल्टेज उतरतो, मग ती माळ जास्त करंट ओढते, आणखी तापते. शेवटी एक माळ जळते आणि सगळा करंट दुसरीवर येतो. आणि ड्रायव्हर चालू असताना माळ जोडायची किंवा काढायची नाही. उघड्या टोकावर तो व्होल्टेज चढवून बसलेला असतो, जोडता क्षणी एलईडी जाते.

डिमिंगसाठी ईएसपी३२, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर, लावणार असाल तर दोन गोष्टी. एलडीडीला पीडब्ल्यूएम, म्हणजे भराभर चालू-बंद होऊन उजेड ठरवणारा सिग्नल, १०० हर्ट्झ ते १ किलोहर्ट्झच्या दरम्यान हवा. नेटवरचे तयार प्रोग्रॅम बहुतेकदा ५ किलोहर्ट्झवर असतात, तो आकडा बदला. दुसरं, त्याचा डिमिंग पिन मोकळा राहिला की ड्रायव्हर पूर्ण उजेड देतो. म्हणजे कंट्रोलर बंद पडला तर रात्री दोन वाजता टँकमध्ये भर दुपार. तेव्हा एक साधा टायमर सप्लायच्या आधी ठेवाच, हुशार कंट्रोलर असला तरी.

मुंबईत हे सगळं ज्याच्यावर अडतं ती गोष्ट म्हणजे उष्णता. तुमच्या पश्चिमेच्या खोलीत मे महिन्यात दुपारी ३३ अंश सहज असतात. हीटसिंक, म्हणजे एलईडींची उष्णता ओढून घेणारा ऍल्युमिनियमचा ठोकळा, ५० च्या पुढे जाऊ नये असं धरलं तर तुमच्या हातात १७ अंशांचा फरक उरतो. २० अंशांच्या खोलीत बसून सल्ला देणाऱ्याकडे ३० अंश असतात. त्याने दाखवलेला हीटसिंक तुम्हाला पुरणार नाही. पोकळ ऍल्युमिनियम चॅनलवर एलईडी चिकटवण्याचे व्हिडिओ सरळ सोडून द्या. जाड पाया आणि उभ्या पात्यांचा हीटसिंक घ्या, टँकच्या निम्म्याहून जास्त लांबीचा, वर १२ व्होल्टचा मोठा पंखा हळू फिरवत ठेवा. तासभर चालल्यावर तळहात त्यावर टेकवून ठेवता आला तर ठीक. चटकन उचलावा लागला तर करंट कमी करा.

त्या पंख्याच्या १२ व्होल्टसाठी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात कुणीतरी एलएम२५९६ चा छोटा बक मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज उतरवणारी पट्टी, हातात ठेवेल. साधा एलएम२५९६ इनपुटला ४० व्होल्टपर्यंतच असतो. ४८ ला जोडलात की धूर. वेगळा १२ व्होल्टचा ऍडॅप्टर घ्या आणि विषय संपवा.

पाण्याचं तापमान हा तर वेगळाच अध्याय. रीफला २५ ते २७ अंश हवेत. पाण्यावर पंखा मारून दोन-तीन अंश उतरवणं हा सगळ्यांचा आवडता उपाय, पण तो बाष्पीभवनावर चालतो. जुलैत हवाच ओलीचिंब असते, पंखा फिरतो आणि पारा हलत नाही. एसीशिवाय त्या खोलीत चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र, लागेल, आणि लाइटच्या आधी त्याच्या पैशांची सोय करा असं मी स्पष्टच सांगेन. लाइट कमी पडला तर झोआ (म्हणजे झोअँथिड) मान लांब करून महिनोन्महिने वाट बघतात. ३१ अंशांत त्या तेवढी वाट बघत नाहीत.

आता प्रत्यक्ष जुळणी. हीटसिंकला २.५ मिलिमीटरचं ड्रिल मारून एम३ चा टॅप, म्हणजे आटे पाडणारं हत्यार, फिरवा, शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब टाकून. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, नाहीतर टॅप ऍल्युमिनियममध्ये मोडतो आणि मग तो काढायला देव आठवतो. एलईडीच्या ताऱ्यासारख्या प्लेटला बसवण्याआधीच सोल्डर लावून घ्या. हीटसिंकवर बसली की सगळी उष्णता तो पिऊन टाकतो आणि सोल्डरिंगची साधी इस्त्री तिथे चालत नाही. थर्मल पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी पुरे. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवाच, कारण डोकं थोडं सरकलं की सोल्डरच्या टिकलीला शिवतं. प्रत्येक एलईडी बसवल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून एक टोक हीटसिंकला, दुसरं टिकलीला लावा. बीप वाजला तर तिथेच थांबा.

खरेदीला ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड गाठा. रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात. "रॉयल ब्लू" मागितलं तरी सजावटीची ४७०-वाली ब्लू देतात. पेटवून दाखवायला सांगा, दोन्ही शेजारी धरल्या की रॉयल ब्लू जांभळटाकडे झुकलेली दिसते. सरळ डोळ्यात मात्र बघू नका, कागदावर पाडून बघा. स्क्रू-बोल्ट नागदेवी स्ट्रीटला, आणि ३१६ ग्रेडचंच स्टील मागा. ३०४ सुद्धा मिठाच्या हवेत वर्षभरात तांबूस पडतं. हीटसिंकसाठी भंगारात जुन्या ऍम्प्लिफायरचे बघा, नव्यापेक्षा जाड आणि स्वस्त.

मीठ सगळीकडे पोचतं. बुडबुडे फुटतात, बारीक तुषार उडतात आणि लाइटच्या खालच्या अंगावर पांढरी पुटं चढतात. तांब्याची उघडी तार हिरवी पडली आणि तो हिरवा चुरा पाण्यात गेला तर कोळंबी आणि प्रवाळ दोघांनाही तो विषच. म्हणून टिन केलेल्या तारा वापरा, सांध्यांवर कन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे ओल रोखणारा पातळ थर, फवारा आणि खाली ३ मिलिमीटरची पारदर्शक ऍक्रिलिक शीट लावा. प्रकाश आठ-दहा टक्के कमी होईल, होऊ द्या. शीट दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसायची.

विजेबद्दल तुमच्या मित्रालाच कामाला लावा. २३० व्होल्टचा सप्लाय टँकच्या वर किंवा खाली नको, बाजूला भिंतीवर उंच. लाइटपर्यंत फक्त ४८ व्होल्ट डीसी जाऊ द्या. टँकच्या सगळ्या प्लगसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच, आणि खरं अर्थिंग. जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, ते आधी तपासून घ्या. प्रत्येक वायर प्लगकडे चढण्याआधी खाली लोंबती ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी वळशावरून जमिनीवर पडेल, सॉकेटमध्ये शिरणार नाही. टांगायचं तर पीओपीच्या छताला मुळीच नको, टँकच्या स्टँडलाच दोन उभे खांब घ्या आणि लाइट पाण्यापासून आठ ते दहा इंच वर धरा.

मोबाइलचं लक्समीटर ऍप वापरून प्रकाश मोजू नका. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने मोजतात आणि डोळा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश हिरव्याच्या तुलनेत चार टक्केसुद्धा धरत नाही. निळ्या माळा पेटवल्यावर ऍप नगण्य आकडा दाखवेल, तुम्ही घाबरून वाढवत जाल आणि झोआ पांढऱ्या पडतील. अति प्रकाशात शैवाल ऑक्सिजनची घातक रूपं तयार करतं, मग प्रवाळ ते शैवालच अंगाबाहेर टाकतं. पांढरं पडणं ते हेच. पार मीटर महाग आहे, विकत घेऊ नका. शहरातल्या रीफवाल्या हौशी मंडळींपैकी कुणाकडे तरी असतो, चहा पाजून एका संध्याकाळपुरता मागून आणा. तोवर वीस-पंचवीस टक्क्यांपासून सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-पाच टक्के वाढवा. झोआ ताणून उंच झाल्या तर प्रकाश कमी पडतोय, मिटून बसल्या किंवा फिकटल्या तर जास्त होतोय.

परवडेल का, हे शेवटचं विचारलंय. एलईडी सगळ्यात स्वस्त पडतात. पैसा जातो तो ड्रायव्हर, सप्लाय आणि हीटसिंकमध्ये, आणि तिथे काटकसर करायची नाही. ३ फुटी टँकसाठी तयार ब्रँडेड लाइटपेक्षा हे स्वस्तात होतं आणि एखादी एलईडी गेली तर ती एकटी बदलता येते. टँक २ फुटांच्या आत असता तर मी तुम्हाला बाजारातला साधा चिनी काळा बॉक्स, म्हणजे तयार एलईडी लाइट, घ्या म्हटलं असतं. तेवढ्या लहान कामासाठी टॅप, ड्रिल आणि सोल्डरिंगची इस्त्री विकत घेण्यात काही अर्थ नाही, तुमच्या मित्राकडे ती आधीच असतील तर गोष्ट वेगळी.