बिघडलेली आउटबोर्ड मोटर रिबिल्ड करावी की नवी घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: होडीच्या मागे बसवलेली ४० हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, १२ वर्षं जुनी टू-स्ट्रोक मोटर, वापर खाऱ्या पाण्यात. परवा भर वेगात असताना गरम झाल्याचा अलार्म वाजला आणि मोटर बंद पडली. थंड झाल्यावर सुरू होते, पण जोर नाही. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजलं तर खालच्या सिलिंडरला १२० पीएसआय आणि वरच्याला ७०. मेकॅनिकने सांगितलेला रिबिल्डचा, म्हणजे इंजिन उघडून झिजलेले भाग बदलून पुन्हा बांधायचा खर्च नव्या मोटरच्या किमतीच्या निम्म्याहून थोडा जास्त. जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की गेल्या वर्षी इम्पेलरची (इंजिन थंड ठेवणारं पाणी वर फेकणाऱ्या पंपातल्या चाकाची) पाती तुटली होती, नवा बसवून घेतला, आणि परवाही मागून पाण्याची धार व्यवस्थित येत होती.

मी या शेवटच्या वाक्यावरच अडलोय. तुटलेली पाती काढून घेतली होती का?

इम्पेलर रबराचा असतो. त्याची पाती तुटली की तुकडे पाण्याबरोबर नळीतून वर जातात आणि सिलिंडरभोवतीच्या वॉटर जॅकेटमध्ये (थंड करणारं पाणी फिरतं त्या पोकळीत) किंवा थर्मोस्टॅटपाशी (तापमानानुसार पाणी सोडणाऱ्या झडपेपाशी) कुठेतरी अडकून बसतात. नवा इम्पेलर घातल्यावर पंप झकास चालतो, धारही दिसते. पण ती धार एवढंच सांगते की पंप पाणी वर फेकतोय. ते पाणी दोन्ही सिलिंडरना सारखं पोचतंय की नाही, हे तिच्यावरून कळत नाही. जॅकेटमध्ये पाणी कमी पडलं की वाफ वरच्या भागात साठते आणि वरचा सिलिंडर आधी तापतो. तुमचाही वरचाच गेलाय.

मी वीसेक वर्षं या मोटरी उघडतोय. सुरुवातीच्या काळात जवळपास अशीच एक मोटर मी रिबिल्ड करून दिली होती. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट, सगळं नवं. तीन आठवड्यांत तोच सिलिंडर पुन्हा गेला. दुसऱ्यांदा उघडली तेव्हा जॅकेटच्या वळणावर नखाएवढा रबराचा तुकडा सापडला. मालकाचे पैसे मी परत केले, पण त्याचा मासेमारीचा हंगाम गेला तो गेलाच. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून मोटर कशामुळे गेली हे हाती लागल्याशिवाय मी रिबिल्डचा आकडा सांगत नाही, आणि तुम्हीही तोवर कुणाला होकार देऊ नका.

आधी कॉम्प्रेशन पुन्हा मोजा. दोन्ही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, इग्निशन बंद, आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत इंजिन फिरवायचं. दोन सिलिंडरमध्ये दहाएक टक्क्यांचा फरक चालतो. मग वरच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा बराच वाढला तर रिंगा किंवा सिलिंडरची भिंत गेलीय. जागचा हललाच नाही तर हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्याचं झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधलं सील) जळलेलं असू शकतं, किंवा पिस्टनलाच भोक पडलेलं असेल. नुसतं गॅस्केट निघालं आणि हेड वाकलेलं नसलं तर तुम्ही फार स्वस्तात सुटलात.

त्यानंतर फक्त हेड आणि थर्मोस्टॅट उघडून घ्या. तुमच्यासारख्या बहुतेक मोटरींमध्ये त्यासाठी पॉवरहेड (मोटरीचा वरचा, इंजिनचा भाग) खाली उतरवावं लागत नाही, त्यामुळे हे काम थोडक्यात होतं. या एका कामाचे पैसे वेगळे ठरवा आणि आत काय दिसतंय ते स्वतः उभं राहून बघा. भिंतीवर उभे, चमकदार पट्टे दिसले तर लगेच धीर सोडू नका. बरेचदा ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं, वितळून लोखंडी स्लीव्हला चिकटलेलं. जाणकार कारागीर ते काढतो, आणि खालची भिंत शाबूत निघाली तर होनिंग करून (भिंत हलकी घासून) नव्या पिस्टन-रिंगांवर भागतं. नखाला लागतील इतके खोल ओरखडे असतील तर मात्र बोअर करावं, म्हणजे सिलिंडर आतून कापून थोडा मोठा करावा लागेल. ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन बऱ्याच मोटरींना मिळतात, पण ते हातात आल्याशिवाय सिलिंडर लेथवाल्याकडे पाठवू नका. बोअर झालेला ब्लॉक आणि न मिळणारा पिस्टन, ही अवस्था मी दोनदा पाहिली आहे. काही मोटरींच्या सिलिंडरवर निकेलचा कठीण मुलामा असतो, तिथे साधं बोअरिंग चालतच नाही. आपली कुठली, ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघून घ्या.

पिस्टनच्या डोक्याला भोक असेल किंवा त्याची कड वितळलेली असेल, तर संशय इंधनावर घ्या. टू-स्ट्रोकमध्ये तेलही पेट्रोलबरोबरच आत येतं. त्या सिलिंडरच्या कार्ब्युरेटरचा जेट तुंबला की पेट्रोल आणि तेल दोन्ही एकदम कमी पडतात.

पिस्टन बदलायचा ठरला तर पॉवरहेड उतरवून क्रँककेस (क्रँकशाफ्टभोवतीचं कवच) उघडावीच लागते, आणि खाऱ्या पाण्यातल्या मोटरीचे अंदाज इथेच कोलमडतात. १२ वर्षं मिठात राहिलेले स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे धरतात की फिरवताना तुटतात. एकेक तुटलेला बोल्ट ड्रिल करून काढायला तास जातात. मेकॅनिकला सरळ विचारा, बोल्ट तुटले तर मजुरी किती वाढेल? नीट उत्तर देणारा माणूस विश्वासाचा.

दरम्यान खालचा भाग तपासा. ते तुम्हाला घरीच करता येईल. गिअरकेसचा (पाण्याखालच्या, गिअर असलेल्या भागाचा) खालचा स्क्रू सैल करून थोडं ऑइल काढा. दुधाळ निघालं तर सील गेलेत आणि पाणी आत शिरलंय. लोखंडाचे मोठे कण दिसले तर गिअर खलास. पंखा (प्रॉपेलर) न्यूट्रलमध्ये हाताने फिरवून शाफ्ट डुगडुगतोय का तेही बघा. पॉवरहेड दुरुस्त होण्याजोगं असलं तरी गिअरकेसही गेली असेल, तर एका मोटरीत दोन मोटरींचा खर्च होतो. मग नवी घ्या. क्रँककेसला तडा असेल, कनेक्टिंग रॉडने ब्लॉक फोडला असेल, किंवा एक्झॉस्ट कव्हर काढल्यावर आतलं ॲल्युमिनियम मिठाने खाऊन पातळ केलेलं दिसलं, तरीही तेच. अशा ब्लॉकवर नवं गॅस्केट धरत नाही.

‘निम्म्याहून जास्त खर्च असेल तर नवी घ्या’ हा ठोकताळा तुम्हाला कुणीतरी सांगेलच. मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात नव्या मोटरीची फक्त किंमत धरलेली असते. तुमचा कंट्रोल बॉक्स, केबल, वायरिंग, मीटर, कदाचित पंखासुद्धा नव्या मोटरीला बसणार नाही. शाफ्टची लांबी तीच घ्यावी लागेल. साधारणपणे १५, २० आणि २५ इंच अशी मापं असतात. शिवाय नवी बहुधा फोर-स्ट्रोक असेल, म्हणजे तेवढ्याच हॉर्सपॉवरला जास्त वजन. होडीच्या मागच्या फळीला ते झेपणार का, मागचा भाग पाण्यात किती बसेल, हे आधी पाहा. फळी आतून कुजलेली असली तर नवी मोटर तिच्यावर टांगणं धोक्याचं आहे.

उलट बाजूही तेवढीच खरी आहे. जुन्या कार्ब्युरेटरच्या टू-स्ट्रोकमधून जवळपास पाव हिस्सा पेट्रोल न जळताच बाहेर जाऊ शकतं. तुम्ही रोज पाच-सहा तास मोटर चालवत असाल, तर फोर-स्ट्रोकचा फरक इंधनातच काही अंशी भरून निघेल. वर्षातून वीस-पंचवीस दिवसच होडी काढत असाल, तर ते पैसे परत यायला फार वर्षं लागतील. तुमचा वापर किती, हे तुमच्या प्रश्नात नव्हतं, आणि माझ्या लेखी निम्मं उत्तर याच्यावर आहे.

सुटे भागही बघा. २०२० साली एविनरूड या जुन्या ब्रँडच्या आउटबोर्ड मोटरींचं उत्पादन बंद झालं. शंभराहून जास्त वर्षांचं नाव होतं ते. आपल्या मॉडेलचे पिस्टन, इग्निशनचे भाग आणि गॅस्केट सेट आज प्रत्यक्ष दुकानात आहेत का, याची चौकशी पैसे भरायच्या आधी करा.

आता माझं मत. वरच्या सिलिंडरची भिंत वाचली असेल किंवा एका बोअरमध्ये साफ होत असेल, गिअर ऑइल स्वच्छ असेल, जॅकेट खाल्लेलं नसेल आणि तुम्ही किनाऱ्याच्या नजरेतच फिरत असाल, तर मी रिबिल्ड करेन. टू-स्ट्रोकची रचना साधी आहे, नीट बांधली तर ती पुन्हा बरीच वर्षं देते. पण तुम्ही माणसं घेऊन दूर जात असाल आणि वरच्यापैकी एकाही गोष्टीबद्दल शंका राहिली, तर मी नवी घेईन, आणि कर्ज काढावं लागलं तरी घेईन. भर समुद्रात मोटर बंद पडली की वाऱ्या-प्रवाहाच्या हातात आपण किती पटकन जातो, ते मी अनुभवलंय.

रिबिल्डच ठरलं तर नव्या वॉटर पंपाचा पूर्ण किट, थर्मोस्टॅट, दोन्ही कार्ब्युरेटरची सफाई, नवी इंधनाची नळी आणि वॉटर जॅकेट पूर्ण मोकळं करून पाणी सोडून दाखवणं, हे सगळं अंदाजपत्रकात लिहून घ्या. पहिले काही तास मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे जास्त तेल मिसळा. ५०:१ च्या (पन्नास भाग पेट्रोलला एक भाग तेल) मोटरीला बहुधा २५:१ सांगितलेलं असतं. वेग कमी-जास्त करत राहा, सलग फुल थ्रॉटल नको.

हेड उघडाल तेव्हा थर्मोस्टॅटच्या खोबणीत आणि जॅकेटच्या वळणांवर वाकडी तार फिरवून बघा. रबर निघालं तर किती तुकडे निघाले ते मोजा, आणि जुना इम्पेलर अजून घरी पडला असेल तर तुकडे त्याला जुळवून पाहा. एखादा कमी पडला तर तो अजून आतच आहे.