लेक नीटचा क्लास बुडवून तालमीला जाते, तिच्या बाबांना सांगू का?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरहून एका आईने लिहिलंय. मुलगी अकरावी सायन्सला, नीटचा क्लास लावलाय, आणि मागच्या आठवड्यात क्लासमधून गैरहजेरीचा मेसेज आला तेव्हा कळलं की दोन महिने संध्याकाळची बॅच सोडून ती राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला जाऊन राहिली होती. विचारलं तर रडली आणि म्हणाली मला आर्ट्सला जायचंय, नाटकच शिकायचंय. बाबा नोकरीला चंद्रपूरला, शनिवारी घरी येतात, त्यांना काहीच माहीत नाही. आई विचारते, यांना सांगू का, आणि नाटक बंद करू का?

ताई, सांगायचंच. पण तिने सांगायचं. शनिवारी जेवणं झाली की तिला बसवा आणि तिच्याच तोंडून येऊ द्या, किती दिवस क्लास बुडवला, तालीम कुठे असते, दिग्दर्शक कोण, सगळं. तुम्ही बाजूला बसा पण तिची बाजू सावरायला जाऊ नका, कारण दोन महिने घरी खोटं बोलली हे चूकच आहे आणि नाटकाचं वेड कितीही खरं असलं तरी त्याने ते भरून निघत नाही. आणि तुम्ही आत्ता लपवलं, उद्या स्पर्धेचा निकाल पेपरात आला आणि ऑफिसात कोणी तिच्या बाबांचंच अभिनंदन केलं तर? त्यांचा राग खोटेपणावर असेल पण निघेल नाटकावर, आणि मग कोणी समजावून फायदा नाही.

आता आर्ट्सचं. लेकीला वाटतंय आर्ट्स घेतलं की नाटक शिकायला मिळेल. तसं नाहीये हो. आपल्याकडे बहुतेक ज्युनिअर कॉलेजात आर्ट्सला इतिहास, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असे विषय असतात आणि नाटक गॅदरिंगपुरतं असतं. आयबी बोर्डाच्या शाळांमध्ये शेवटच्या दोन वर्षांत थिएटर हा रीतसर विषय घेता येतो, पण त्या शाळांची फी बघता आणि अकरावी अर्धी झालेली असताना त्याच्या मागे लागू नका. आपल्याकडे नाटकाचं शिक्षण खऱ्या अर्थाने बारावीनंतर सुरू होतं आणि तिथे तुमची स्ट्रीम आडवी येत नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकात बीए करता येतं, संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात नाटकाची पदवी आहे. दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, ३ वर्षांचा कोर्स तर ग्रॅज्युएशननंतरचा, कोणत्याही विषयातलं ग्रॅज्युएशन चालतं, फक्त निदान ६ नाटकांत काम केलेलं असावं लागतं आणि हिंदी-इंग्रजी कामापुरती यावी लागते. म्हणजे फिजिक्समध्ये बीएससी झालेली मुलगी आणि मराठीत बीए झालेली मुलगी तिथे एकाच रांगेत उभ्या असतात.

म्हणून तिला शांतपणे एकच विचारा, नाटक नसतंच तरी तुला सायन्स नकोसं झालं असतं का? हो म्हणाली तर आर्ट्सचा विचार जरूर करा, कॉलेजात जाऊन स्ट्रीम बदलता येते का ते वेळेत विचारा, त्यात कमीपणा काही नाही. नाही म्हणाली तर सायन्स राहू द्या आणि नीटचं काय ते ठरवा. तुमच्या पूर्ण पत्रात लेकीला डॉक्टर व्हायचंय असं एकदाही आलेलं नाही, तुम्हाला ते लिहितानाही जाणवलं नसेल. नीट सोडून साधी बारावी सायन्स केली तरी संध्याकाळ मोकळी होते आणि चोरून जायची गरजच राहत नाही.

पण त्याआधी एक दिवस स्वतः तालमीला जाऊन बसा. रिकाम्या हॉलमध्ये फरशीवर खडूने सेट आखलेला असतो, दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांमधली जागा म्हणजे दार, आणि कोणी रेघ ओलांडून आत आलं की दिग्दर्शक ओरडतो, भिंतीतून आलीस, परत जा, दारातून ये. एका एन्ट्रीला अर्धा अर्धा तास जातो. तुम्ही लेकीचा अभिनय बघू नका, तिचा सीन चालू नसताना ती काय करते ते बघा. मोबाईल काढून बसत असेल तर सध्या तिला स्टेजवर जायची आणि टाळ्यांची हौस आहे, चांगलीच गोष्ट आहे पण तेवढ्यावर आयुष्याचा निर्णय घेऊ नये. दुसऱ्याचे संवाद ओठातल्या ओठात म्हणत असेल, न सांगता प्रॉपर्टी, म्हणजे सीनला लागणारं सामान, मांडायला उठत असेल, कोणी आलं नाही म्हणून त्याच्या जागी उभी राहून वाचत असेल, तर ताई, ती शिकतेय, आणि हे शिक्षण कोणत्या क्लासात मिळत नाही. आणि हेही बघा की ग्रुपमध्ये अजून बायका-मुली किती आहेत, तालीम किती वाजता सुटते, घरी कोण सोडतं. दिग्दर्शकाचं नाव कितीही मोठं असो, मुलीला एकटीला बोलावत असेल किंवा विनाकारण उशिरापर्यंत थांबवत असेल तर त्याच दिवशी तिला तिथून काढा. यात भिडेखातर गप्प बसायचं नाही.

पैशाचं तुम्ही विचारलं नाही पण तिचे बाबा विचारतील, आणि बरोबरच आहे. राज्य नाट्य ही हौशी स्पर्धा, त्यातून पोट भरत नाही. नुसत्या प्रायोगिक नाटकावर नागपुरात घर चालवणं फार कठीण आहे हे लेकीलाही स्पष्ट सांगा. पण आपल्याच विदर्भात झाडीपट्टी रंगभूमी आहे, दिवाळीनंतर वडसा, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाकडे रात्र रात्र नाटकं चालतात, तिकीट काढून माणसं येतात आणि कलाकाराला नाईट, म्हणजे प्रत्येक प्रयोगाचे पैसे, मिळते. हिवाळ्यात एखादा प्रयोग तिघं मिळून बघून या, बाबा चंद्रपूरलाच असतात तर सोपंच आहे. आणि नोकरी सांभाळून नाटक करणाऱ्यांची तर नागपुरात परंपराच आहे, नाटककार महेश एलकुंचवार सरांनी इथेच कॉलेजात इंग्रजी शिकवत नाटकं लिहिली.

बारावीपर्यंत तिने रोज थोडं मोठ्याने वाचावं, मराठीही आणि हिंदीही. आपली वऱ्हाडी बोली लाजून सोडू नये, प्रमाण भाषाही यावी आणि घरचीही राहावी, नटाला दोन्ही लागतात. एखाद्या नाटकात रोल न घेता लाईट्स किंवा मेकअपला मदत करावी. प्रत्येक नाटकाचं ब्रोशर, सर्टिफिकेट, पेपरातलं कात्रण एका फाईलमध्ये ठेवावं, पुढे ६ नाटकांचा पुरावा मागितला की तेच कामी येतं.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. या स्पर्धेचं नाटक मधेच सोडायला लावू नका. पंधरा-वीस लोकांची मेहनत तिच्या एका रोलवर अडकलेली आहे आणि हाती घेतलेलं काम पुरं करणं हेही तिने शिकलं पाहिजे. त्या बदल्यात बुडालेल्या टेस्ट रविवारी देईल असं तिच्याकडून कबूल करून घ्या, तालमीचं टाइमटेबल फ्रिजवर लावायला सांगा, आणि प्रयोगाची तारीख कळली की तिच्या बाबांना त्या दिवशीची रजा टाकायला आत्ताच सांगून ठेवा. स्पर्धेचं तिकीट अगदी स्वस्त असतं, दोघंही जा.